हिशेब दाखवा, साहेब!

१९९४ सालच्या जानेवारीतली ही गोष्ट आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेत अकाउंटंट होतो. शाखेत संगणक येऊन जेमतेम वर्ष झाले होते. त्याच्यासाठी काचेची खोली बांधली होती, शाखेतले एकुलते एक वातानुकूलन यंत्र त्या खोलीत बसवले होते आणि आत जाताना चपला बाहेर काढायचा नियम होता. ज्या लेजरांवर आमची अर्धी हयात गेली ती आता माळ्यावर गेली होती. व्याजाची आकारणी करायला दर सहामाहीला आम्ही रात्री अकरा-अकरापर्यंत बसत असू. ती आता संगणक एका दुपारी उरकून टाकत होता. आम्ही खूश होतो.

एके दिवशी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक काउंटरवर आले. धोतर, काळी टोपी, हातात पासबुक आणि वहीतून फाडलेला एक आखीव कागद. म्हणाले, "साहेब, बचत खात्याचं व्याज दहा रुपयांनी कमी पडलंय."

मी म्हणालो, "गुरुजी, व्याज आता मशीन काढतं. मशीन चुकत नाही."

गुरुजींनी कागद माझ्यापुढे सरकवला. "मशीन चुकत नसेल. मग माझं कुठं चुकलं तेवढं दाखवा."

त्यांचे कुठेच चुकले नव्हते. त्या काळी बचत खात्यावर रोजच्या शिलकीवर व्याज मिळत नसे. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचे व्याज मिळे. रोजच्या शिलकीवर व्याज देण्याची पद्धत २०१० साली आली. गुरुजींनी १९९३ च्या ऑक्टोबरात नऊ तारखेला, शनिवारी, चोवीसशे रुपये भरले होते. दहा तारीख रविवारी आली होती. मी माळ्यावरून जुन्या पद्धतीचे तक्ते काढले आणि हाताने हिशेब केला. दहावी तारीख रविवारी आली की आमची आज्ञावली शनिवारऐवजी शुक्रवारची शिल्लक धरत होती. शनिवारी पैसे भरणाऱ्या प्रत्येकाचे त्या महिन्याचे व्याज बुडाले होते.

आज्ञावली पुरवणाऱ्या कंपनीला मी पत्र लिहिले. पुण्याहून एक तरुण आला. मी त्याला म्हणालो, "व्याज जिथं काढता ते मला दाखवा. मला फक्त ते सूत्र बघायचंय." तो हसला. "साहेब, सोर्स कोड दाखवता येत नाही. तो कंपनीचा असतो. तुम्ही तक्रार लिहून द्या." तक्रार दिली. चार महिन्यांनी टपालाने एक फ्लॉपी आली. ती घालायची असे सोबतच्या कागदावर लिहिले होते. काय बदलले, का बदलले, याचा एक शब्दही त्यात नव्हता. तोवर आम्ही दोघे-तिघे संध्याकाळी बसून सगळी खाती हाताने तपासत होतो. गुरुजींच्या खात्यात दहा रुपये जमा केले. ते पासबुक भरून घ्यायला आले आणि म्हणाले, "दहा रुपये मिळाले, साहेब. पण चूक कशी झाली तो हिशेब दाखवा की." माझ्याकडे दाखवायला काही नव्हते.

हीच आज्ञावली आमच्या बँकेच्या आणखी अनेक शाखांत होती. मी वरच्या कार्यालयाला एक टिपण पाठवले. उत्तर आले नाही. जूनमध्ये माझी बदली झाली, नव्या गावात मुलांच्या शाळांचे बघायचे होते, आणि मी तो विषय सोडून दिला. त्या दुसऱ्या शाखांतल्या गुरुजींचे दहा रुपये कुणी परत केले का, हे मला आजही माहीत नाही.

हा प्रसंग मी जवळजवळ विसरलो होतो. २०२४ च्या जानेवारीत ब्रिटनमधल्या टपाल कचेऱ्यांवरची एक दूरदर्शन मालिका गाजली. तिच्याविषयी वाचताना तो एकदम समोर उभा राहिला. ती हकिगत आपल्याकडे फारशी माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

ब्रिटनमध्ये गावोगावची छोटी पोस्टे खासगी माणसे कंत्राटावर चालवतात. पोस्ट ऑफिस ही कंपनी मात्र सरकारच्या मालकीची आहे. १९९९ पासून या कंपनीने सगळ्या पोस्टांत 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली बसवली. ती फुजित्सु या कंपनीने पुरवली होती. थोड्याच दिवसांत ठिकठिकाणच्या पोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसू लागली. कुणाची हजार पौंडांची, कुणाची तीस हजारांची. तूट भरून देण्याची जबाबदारी करारानुसार पोस्टमास्तरांची. कुणी घर गहाण टाकले, कुणी नातेवाइकांकडून उसने आणले, आणि ज्यांना भरता आले नाही त्यांच्यावर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक माणसे दोषी ठरली. भारतीय वंशाच्या एका पोस्टमास्तरबाईंना २०१० साली गरोदर असताना तुरुंगात जावे लागले. काहींनी आत्महत्या केल्या. प्रत्येकाला सांगितले जात होते की, असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे.

चूक प्रणालीत होती. शिवाय फुजित्सुचे लोक आपल्या कचेरीत बसून कुठल्याही पोस्टाच्या हिशेबात शिरू शकत होते आणि ही गोष्ट कंपनी वर्षानुवर्षे नाकारत राहिली. १९९९ च्याच एका कायद्यानंतर तिथल्या न्यायालयांत संगणक बरोबर आहे असे गृहीत धरले जाऊ लागले. चुकीचा आहे म्हणायचे तर त्यासाठी आधार दाखवण्याची वेळ आरोपीवर येई. आणि आरोपीला तर पडद्यावरच्या आकड्यांपलीकडे काहीच दिसत नव्हते! अखेर २०१९ च्या डिसेंबरात लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले, २०२० च्या अखेरीपासून शिक्षा रद्द होऊ लागल्या आणि २०२४ साली संसदेने खास कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा पुसल्या. पण गेलेली वीस वर्षे पुसली गेली नाहीत.

"मशीन चुकत नाही" हे वाक्य मी काउंटरच्या अलीकडून उच्चारले होते. तिकडे तेच वाक्य फिर्यादीचे वकील न्यायालयात उच्चारत होते. फरक एवढाच की आमच्या गुरुजींकडे वहीचा कागद होता आणि रक्कम दहा रुपयांची होती.

आता हा 'सोर्स कोड' म्हणजे नेमके काय ते सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा मामला त्याच्याभोवती आहे. दिवाळीला आपण चकलीच्या भाजणीचे तयार पाकीट आणतो. चकल्या होतात. पण चकल्या तेलात फुटल्या तर काय चुकले ते कळत नाही, कारण तांदूळ किती, चणाडाळ किती, उडीद किती, हे त्या पाकिटावर नसते आणि दळलेल्या पिठातून ते ओळखून काढणे जवळजवळ अशक्य असते. सोर्स कोड म्हणजे आज्ञावलीचे प्रमाण, तिची मूळ संहिता. माणसाला वाचता येईल अशा भाषेत ती लिहिलेली असते. संगणकात जाते ते तिचे दळलेले पीठ. बहुतेक मोठ्या कंपन्या आपल्याला पीठ विकतात आणि प्रमाण तिजोरीत ठेवतात. त्याला 'बंद' आज्ञावली म्हणू. 'ओपन सोर्स' म्हणजे खुली आज्ञावली: पाकिटाबरोबर प्रमाण मिळते, ते वाचता येते, त्यात बदल करता येतो आणि बदललेले शेजाऱ्याला देताही येते. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली या विचाराची चळवळ सुरू केली आणि फिनलंडच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली 'लिनक्स'चा गाभा लिहून तिला मोठे बळ दिले. आज आपल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही हाच लिनक्स असतो.

खुले म्हणजे फुकट, असा एक समज आहे. तो पुरता खरा नाही. प्रमाण फुकट मिळाले तरी चकल्या तळणाऱ्या बाईंना पैसे द्यावेच लागतात. पण मग त्या बाई आपल्या निवडीच्या असतात. एकीशी पटले नाही तर दुसरीला बोलावता येते.

सरकारने यातले काय वापरावे, हा प्रश्न राजकारणाचा कसा होतो, हे पहिल्यांदा जगाला स्वच्छ दिसले ते पेरू देशात. तिथले संसद सदस्य एदगार व्हिल्यानुएव्हा यांनी सरकारी कचेऱ्यांत खुल्याच आज्ञावली वापराव्यात असे विधेयक आणले. २००२ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टच्या पेरूतल्या मुख्य अधिकाऱ्यांनी त्यांना आक्षेपांचे लांबलचक पत्र पाठवले. ८ एप्रिलला व्हिल्यानुएव्हांनी मुद्देसूद उत्तर दिले आणि ते उत्तर जगभर फिरले. खर्च वाचतो म्हणून आपण हे करत नाही, असे त्यांनी त्यात स्पष्ट केले होते. त्यांचा आधार तीन गोष्टींचा होता. सार्वजनिक माहिती मिळवायला नागरिकाला कुठल्या एका कंपनीवर अवलंबून राहावे लागू नये. ती माहिती कायम टिकली पाहिजे. पुरवठादाराच्या मर्जीवर तिचे आयुष्य ठरू नये. आणि राज्याची व नागरिकांची सुरक्षितता जपायची तर आज्ञावलीत आत काय चालले आहे ते राज्याला बघता आले पाहिजे. बंद आज्ञावली बनवायला किंवा विकायला त्यांची मनाई नव्हती. सरकारने काय विकत घ्यावे, एवढेच त्यांना ठरवायचे होते.

त्याच वर्षी जुलैत पेरूचे अध्यक्ष अमेरिकेत बिल गेट्स यांना भेटले आणि साडेपाच लाख डॉलरची देणगी घेऊन परतले. विधेयक मूळ रूपात मंजूर झाले नाही. २००५ साली जो कायदा झाला तो कुठल्याच बाजूला झुकत नव्हता.

त्या तीन मुद्द्यांपैकी दुसरा, टिकण्याचा, मला लेखक म्हणून आतून कळतो. माझी एक कादंबरी मी १९९७ साली संगणकावर लिहिली होती. त्या वेळी मराठीसाठी दहा कंपन्यांच्या दहा लिप्या होत्या आणि एकीचे लिखाण दुसरीत उघडत नसे. ज्या लिपीत मी लिहिले ती बनवणारी कंपनी पुढे बंद पडली. निवृत्तीनंतर, आता ही कादंबरी पुन्हा हातात घ्यावी म्हणून फाइल उघडली, तर पडद्यावर कंस, डॉलरची चिन्हे आणि रोमन अक्षरांचा चिवडा. अक्षर न् अक्षर जागच्या जागी होते. वाचण्याची किल्ली तेवढी हरवली होती. शेवटी माझ्या भाच्याला कुणा स्वयंसेवकाने लिहिलेली एक खुली आज्ञावली मिळाली. जुन्या लिपीतले कोणते चिन्ह म्हणजे कोणते अक्षर, हे त्या माणसाने हाताने जुळवून सगळ्यांसाठी ठेवून दिले होते. त्यातून बरीचशी कादंबरी परत आली. रफार भलत्या अक्षरांवर चढले होते ते मी महिनाभर उतरवत बसलो. माझे फार काही बिघडले नसते. पण जमिनीचा फेरफार, जन्माची नोंद, न्यायालयाचा निकाल, हे कागद पन्नास वर्षांनी उघडायचे असतात. त्यांची किल्ली एका दुकानदाराच्या खिशात असून कसे चालेल?

तरीही ही वाट सोपी नाही, हे जर्मनीतल्या म्युनिक शहराने दाखवले. २००३ साली तिथल्या नगरपरिषदेने विंडोज सोडून लिनक्सकडे जायचे ठरवले. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वित्झर्लंडमधली आपली सुट्टी अर्धवट सोडून महापौरांना भेटायला गेले, तरी निर्णय बदलला नाही. २०१३ च्या अखेरीस पंधरा हजारांच्या आसपास संगणकांपैकी बहुतेक सगळे लिनक्सवर आले होते. मग महापौर बदलले. इतर कचेऱ्यांशी कागदपत्रांची देवाणघेवाण करताना अडचणी येतात, कर्मचारी कुरकुरतात, अशा तक्रारी पुढे आल्या. २०१६ साली मायक्रोसॉफ्टचे जर्मनीतले मुख्यालय म्युनिक शहरात आले. २०१७ साली परिषदेने परत विंडोजकडे जायचे ठरवले. २०२० साली नवी आघाडी सत्तेवर आली आणि तिने पुन्हा खुल्या आज्ञावलींना पसंती देण्याचा करार केला. सत्ता बदलली की रस्त्याचे कंत्राट बदलते तसे हे झाले. लिनक्स चांगले की विंडोज, हा प्रश्न त्या झुल्यात कुठल्या कुठे राहिला.

आता सुरक्षिततेचा प्रश्न. सगळ्यांच्या मनात येणारी शंका रास्त आहे: प्रमाण उघडे टाकले तर चोराला तिजोरीचा नकाशाच मिळाला नाही का?

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला तिजोऱ्यांविषयी थोडे कळते. लंडनच्या ब्रामा कंपनीने आपले कुलूप १७९० पासून दुकानाच्या खिडकीत मांडले होते आणि ते उघडेल त्याला दोनशे गिनींचे बक्षीस लावले होते. १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनाला आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला आला. त्याने आधी 'चब' कंपनीचे प्रसिद्ध कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडले आणि मग पन्नासएक तास खटपट करून ब्रामाचेही उघडले. लंडनमध्ये गहजब झाला. अशी गुपिते फोडू नयेत, असे पुष्कळांना वाटले. हॉब्जचे म्हणणे असे की चोरांना ही गुपिते आधीच ठाऊक असतात. ठाऊक नसतात ती कुलपाच्या मालकांना. १८८३ साली ऑगुस्त केर्कहॉफ्स यांनी लष्करी सांकेतिक लिपींसाठी हेच तत्त्व मांडले: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आमच्या स्ट्राँगरूमचे दार कुठल्या कंपनीचे आहे आणि ते दोन किल्ल्यांनी उघडते, हे गावाला माहीत होते. एक किल्ली माझ्याकडे, एक हेड कॅशियरकडे. एकट्याला दार उघडता येत नव्हते, यात सगळी सुरक्षितता होती.

बंद आज्ञावली सुरक्षित असतात हेही खरे नाही. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरचे संगणक गोठवले आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांच्या शस्त्रक्रिया रद्द झाल्या. तो विंडोजमधल्या एका भोकातून शिरला होता. ते भोक अमेरिकेच्या हेरखात्याला आधीपासून माहीत होते आणि त्याने ते स्वतःच्या वापरासाठी गुपचूप ठेवले होते.

पण खुल्याचे कौतुक करताना दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०१४ साली 'ओपनएसएसएल' या खुल्या आज्ञावलीत मोठी चूक सापडली. संकेतस्थळांवरचा आपला पासवर्ड, आपले व्यवहार झाकून नेण्याचे काम ती जगभर करते. चूक दोन वर्षे तशीच होती. कुणालाही वाचता येत होते, म्हणून जो तो समजला की दुसऱ्याने वाचले असेल. ज्या आज्ञावलीवर जगातल्या बँका विसंबून होत्या, तिच्या देखभालीसाठी वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या येत होत्या!

त्याहून धडकी भरवणारी गोष्ट २०२४ ची. 'एक्सझेड' ही फाइली आवळून लहान करणारी एक किरकोळ, पण लिनक्समध्ये सर्वत्र असलेली आज्ञावली. ती एक गृहस्थ वर्षानुवर्षे विनामोबदला सांभाळत होते. थकले होते. २०२१ च्या सुमारास 'जिया तान' असे नाव सांगणारा कुणी मदतीला आला. दोन-अडीच वर्षे त्याने चोख काम केले, विश्वास मिळवला, किल्लीदार झाला आणि मग एक चोरदरवाजा बसवून मोकळा झाला. तो जगभर पसरला असता तर असंख्य सर्व्हर परक्याच्या हाती गेले असते. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या तरुणाने तो उघडकीस आणला. दूरच्या संगणकात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्याच शंकेवरून त्याने शोध घेतला होता. जुने कॅशियर नोटेच्या स्पर्शावरून खोटी नोट ओळखत, तसे हे झाले. गंमत म्हणजे फ्रॉइंड नोकरी करतो मायक्रोसॉफ्टमध्ये. 'जिया तान' कोण होता ते उघड झालेले नाही.

मी हे वाचले तेव्हा मला बँकेचा एक जुना नियम आठवला. किल्लीदाराने वर्षातून काही दिवस रजा घेतलीच पाहिजे आणि त्याची किल्ली दुसऱ्याने रीतसर सही करून घेतली पाहिजे. जो कधीच रजा घेत नाही त्याच्याकडे लक्ष ठेवावे, आणि जो आपणहून किल्ली सांभाळायला पुढे येतो त्याच्याकडे जास्तच. एक्सझेडच्या बाबतीत तिजोरी जगाची होती, किल्लीदार एक होता आणि त्याला कुणी पगार देत नव्हते. फ्रॉइंडला चोरी सापडली, कारण त्याला आत डोकावता आले. बंद आज्ञावलीत त्याला अर्धा सेकंद जाणवला असता आणि त्याने माझ्यासारखी तक्रार लिहून पाठवली असती. पण आत डोकावणारा कुणीतरी असावा लागतो, हेही तितकेच खरे. लेजर उघडे ठेवले म्हणून तपासणी होत नाही. ऑडिटर नेमावा लागतो आणि त्याला पगार द्यावा लागतो. जर्मनीने २०२२ साली अशा सार्वजनिक आज्ञावलींच्या देखभालीसाठी सरकारी निधी उभारला. मला तो म्युनिकच्या सगळ्या ठरावांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे काय आहे? कागदावर बरेच चांगले आहे. केंद्र सरकारने २०१५ साली धोरण जाहीर केले की सरकारी कामांत खुल्या आज्ञावलींना प्राधान्य द्यावे आणि बंद घ्यायची तर त्याची कारणे द्यावीत. त्याच्या आधीपासून केरळने हे शाळांत करून दाखवले होते. तिथल्या सरकारी शाळांतली मुले वर्षानुवर्षे लिनक्सवरच संगणक शिकतात. आपल्या जिल्हा न्यायालयांत खटल्यांच्या नोंदी ज्या आज्ञावलीत होतात, ती खुल्या साधनांवर उभी आहे आणि राष्ट्रीय सूचना केंद्राच्या पुण्यातल्या चमूने ती बनवली आहे. पुढची तारीख मोबाइलवर बघणाऱ्या किती पक्षकारांना हे ठाऊक असेल?

२०२० साली 'आरोग्य सेतू' आले, तेव्हा ते बंद होते. कोट्यवधी लोकांच्या हालचाली टिपणाऱ्या या आज्ञावलीत आत काय आहे, असे लोकांनी विचारले आणि पावणेदोन महिन्यांत सरकारने तिची अँड्रॉइडवरची संहिता खुली केली, चुका दाखवणाऱ्याला बक्षीसही लावले. सर्व्हरच्या बाजूची संहिता आणखी काही महिन्यांनी खुली झाली. विचारल्यावर मिळाले, पण विचारावे लागले.

२०२५ च्या जुलैत आणखी एक धडा मिळाला. युरोपीय संघाने गुजरातेतल्या वाडीनारचा तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध घातले, कारण तिच्यात रशियन कंपनीचा मोठा वाटा आहे. त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कर्मचाऱ्यांची ई-मेल एकाएकी बंद. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. नायरा खासगी कंपनी आहे. पण दूरच्या एका कचेरीतली कळ फिरली की आपल्या टेबलावरचे काम थांबते, हे सगळ्या देशाने पाहिले.

त्यानंतर 'स्वदेशी'ची हाक जोरात उठली. केंद्र सरकारच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांच्या ई-मेल चेन्नईच्या झोहो कंपनीच्या प्रणालीवर गेल्याच्या बातम्या त्याच वर्षी आल्या. आपली कंपनी मोठी होते याचा आनंद मलाही आहे. पण स्वदेशी आणि खुले या दोन गोष्टी एक नव्हेत. १९९४ साली मला सूत्र न दाखवणारी कंपनी अस्सल मराठी होती. परक्या दुकानदाराच्या खिशातली किल्ली आपल्या दुकानदाराच्या खिशात आली, तर परक्या सरकारची भीती कमी होते हे खरे. पण गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर तरीही मिळत नाही.

मी तंत्रज्ञ नाही. प्रत्येक कचेरीतले विंडोज उद्या काढून फेका, असे मी म्हणणार नाही. म्युनिकने काय सोसले ते आपण पाहिले. मला बँकेच्या भाषेत दोनच गोष्टी मागायच्या आहेत. ज्या आज्ञावलीच्या हिशेबावरून सरकार एखाद्या माणसाचे पेन्शन, रेशन, जमीन किंवा स्वातंत्र्य ठरवते, तिची संहिता त्या माणसाच्या वतीने कुणा त्रयस्थाला तपासता आली पाहिजे. करारातच तसे कलम असले पाहिजे. आणि तपासणारी माणसे सरकारने पगार देऊन ठेवली पाहिजेत, जशी आम्ही ऑडिटर ठेवत होतो. बँकेच्या कॅशमध्ये दहा रुपयांची तूट आली तरी रात्र होईपर्यंत कुणी घरी जात नसे. सरकारकडून याहून कमी का मागावे?

आता कुठल्याही कचेरीत गेले की एक वाक्य ऐकू येते: "सिस्टीममध्ये तसंच दाखवतंय." माझ्या पत्नीच्या एका अर्जाच्या वेळी गेल्या महिन्यात मी ते ऐकले. काउंटरपलीकडची मुलगी माझ्या नातीच्या वयाची होती आणि तिचा काही दोष नव्हता. तिलाही पडद्यावरचेच दिसत होते. मी तिला म्हणालो, "बाळ, सिस्टीमला तसं का वाटतं, हे कुणाला विचारायचं?" ती क्षणभर गोंधळली, मग मला वरच्या मजल्यावर पाठवले. वरच्या मजल्यावर जेवणाची सुट्टी होती.

बाकावर बसून मी वाट पाहिली. तीस वर्षांपूर्वी गुरुजीही आमच्या शाखेत असेच बाकावर बसून राहिले होते, कागदाची घडी मांडीवर ठेवून.